विमानविद्येचे शिक्षण : महाविद्यालयाची निवड आणि खर्चाचा मेळ

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, विमानतळापासून थोड्याच अंतरावर, क्रोमपेट नावाचे उपनगर आहे. कातडी कमावण्याच्या एका जुन्या कारखान्यावरून त्याला हे नाव पडले. आज मात्र ते देशभर ओळखले जाते ते तेथील मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेमुळे. स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, सी. राजम या उद्योजकाने ही संस्था स्थापन केली. तिच्यासाठी निधी उभारताना त्यांनी आपले राहते घर विकले. त्या काळी अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्थापत्य, यंत्र आणि विद्युत या शाखांचाच बोलबाला होता. राजम यांच्या संस्थेने विमानविद्या, मोटारविद्या, इलेक्ट्रॉनिकी आणि उपकरणविद्या असे चार वेगळे विषय निवडले आणि विज्ञानाच्या पदवीधरांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम आखला. १९७८ मध्ये अण्णा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ही संस्था त्याचा एक घटक बनली.

भारतात विमानविद्येचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. कोणते महाविद्यालय निवडावे, हा पहिला, आणि त्याचा खर्च कसा पेलावा, हा दुसरा. या दोन प्रश्नांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. क्रोमपेटच्या संस्थेतून बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांचा वृत्तान्त या दृष्टीने उद्बोधक आहे.

दागिने आणि जमीन

रामेश्वरमचे ए. पी. जे. अब्दुल कलाम १९५४ मध्ये तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून पदार्थविज्ञानाचे पदवीधर झाले आणि त्यांनी क्रोमपेटच्या संस्थेत प्रवेश मिळवला. प्रवेशासाठी सुमारे एक हजार रुपयांची गरज होती आणि एवढी रक्कम त्यांच्या वडिलांजवळ नव्हती. त्या वेळी त्यांच्या बहिणीने, झोहरा यांनी, आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवून पैसे उभे केले. हे दागिने स्वतःच्या कमाईतून सोडवून आणण्याचा कलामांनी निश्चय केला. तोवर हाती असलेला एकच मार्ग म्हणजे शिष्यवृत्ती मिळवणे, आणि ती त्यांनी मिळवली. पुढे एका विमानाच्या आराखड्याचे काम समाधानकारक नसल्याचे आढळले, तेव्हा संस्थेच्या संचालकांनी त्यांना तीन दिवसांची मुदत देऊन शिष्यवृत्ती बंद करण्याचा इशारा दिला. त्या तीन दिवसांत कलामांनी आराखडा पुरा केला. ‘अग्निपंख’ या मराठी अनुवादामुळे ही हकीकत मराठी वाचकांच्या परिचयाची आहे.

तिच्यातील एक आकडा मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. १९५८ मध्ये कलाम संरक्षण खात्याच्या तांत्रिक विभागात रुजू झाले, तेव्हा त्यांचे मूळ वेतन दरमहा २५० रुपये होते. म्हणजे प्रवेशासाठी लागलेली रक्कम पहिल्या नोकरीच्या चार महिन्यांच्या मूळ वेतनाएवढी होती. दागिने गहाण पडले, तरी ते सुटण्याच्या आवाक्यात होते.

दुसरे उदाहरण के. सिवन यांचे आहे. कन्याकुमारी जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या सिवन यांचे शालेय शिक्षण सरकारी शाळेत, तमिळ माध्यमातून झाले. कुटुंबातील ते पहिलेच पदवीधर. त्यांना अभियांत्रिकीकडे जायचे होते, परंतु हा खर्च झेपणार नाही असे वडिलांचे मत होते. मुलाने आठवडाभर उपोषण केले, तरी वडिलांचा निर्णय बदलला नाही. अखेर नागरकोईल येथील महाविद्यालयातून सिवन गणिताचे पदवीधर झाले. त्यानंतर वडिलांनी आपण होऊन सांगितले की, एकदा अडवले, आता अडवणार नाही. जमीन विकून शिक्षणाचा खर्च करू. सिवन क्रोमपेटला आले. तोपर्यंत ते धोतर नेसत असत. पहिली विजार त्यांनी याच संस्थेत घातली. १९८० मध्ये ते विमानविद्येचे पदवीधर झाले, पण लगेच नोकरी मिळाली नाही, कारण या विद्येला काम देणाऱ्या संस्था त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. मग त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९८२ मध्ये भारतीय अवकाश संशोधन संघटनेत, म्हणजेच इस्रोमध्ये, प्रवेश केला. २०१८ ते २०२२ या काळात ते तिचे अध्यक्ष होते.

या दोन्ही हकीकती यशाच्या आहेत, आणि म्हणूनच त्या सावधपणे वाचल्या पाहिजेत. दागिने गहाण ठेवले की मुलगा शास्त्रज्ञ होतो, असा त्यांचा अर्थ नाही. विकलेल्या जमिनीनंतरही पदवीधराला नोकरीसाठी थांबावे लागले, हेही त्यांतच नमूद आहे. त्यांचा खरा बोध असा की, महाविद्यालयाची किंमत माहितीपुस्तिकेत छापलेल्या शुल्कावरून ठरत नाही. कुटुंबाने काय पणाला लावले आणि ते परत मिळवण्यास किती काळ लागेल, यावरून ती ठरते.

नावांतील भेद

विद्यार्थ्याने प्रथम समजून घ्यावयाची गोष्ट म्हणजे सारखी वाटणारी नावे एकाच शिक्षणाची नसतात. वैमानिकी अभियांत्रिकी म्हणजेच एरोनॉटिकल शाखा ही वातावरणात उडणाऱ्या यानांचा अभ्यास करते. एरोस्पेस शाखेत त्याला अग्निबाण आणि उपग्रह यांची जोड मिळते. दोन्हींचा पाया एकच आहे : हवेच्या प्रवाहाचे शास्त्र, हलक्या पण बळकट रचनेचे शास्त्र, इंजिनांचे शास्त्र आणि उड्डाणाच्या स्थैर्याचे व नियंत्रणाचे शास्त्र. एव्हिऑनिक्स ही विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांची शाखा होय. विमान देखभालीचा अभ्यासक्रम मात्र अगदी निराळा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा देऊन त्याचा परवाना मिळतो. तो उपजीविकेचा चांगला मार्ग आहे, परंतु ती अभियांत्रिकीची पदवी नव्हे. ‘एव्हिएशन’ या नावाने चालणारे कित्येक अभ्यासक्रम तर विमानतळाच्या व्यवस्थापनाचे असतात. नावाच्या मोहाने भलत्याच अभ्यासक्रमाचे शुल्क भरले गेले, तर ते परत मिळवणे कठीण जाते.

चेन्नईतील तीन प्रकारच्या संस्था

चेन्नईत या विद्येचे शिक्षण देणाऱ्या संस्थांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग केंद्रीय संस्थेचा. गिंडीच्या वनालगत वसलेली मद्रासची भारतीय तंत्रज्ञान संस्था पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने १९५९ मध्ये सुरू झाली. तिचा स्वतंत्र एरोस्पेस विभाग आहे. २०१७ मध्ये या संस्थेच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या अग्निकुल या कंपनीने ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या अग्निबाणाचे चाचणी-उड्डाण केले; तिच्या संस्थापकांना याच विभागातील एका प्राध्यापकाचे मार्गदर्शन लाभले होते. येथील प्रवेश संयुक्त प्रवेश परीक्षेच्या मुख्य आणि प्रगत अशा दोन टप्प्यांतून, अखिल भारतीय क्रमांकानुसार मिळतो. त्यामुळे लातूरचा विद्यार्थी आणि चेन्नईचा विद्यार्थी येथे समान पातळीवर असतात.

दुसरा वर्ग राज्य शासनाच्या संस्थांचा. क्रोमपेटची संस्था यात मोडते. तामिळनाडूने अभियांत्रिकीची वेगळी प्रवेश परीक्षा रद्द केली असून २००७ पासून बारावीच्या गणित, पदार्थविज्ञान व रसायन या विषयांतील गुणांवर प्रवेश दिले जातात. या संस्थांचे शुल्क खासगी संस्थांच्या मानाने फारच कमी असते. परंतु ही प्रवेशप्रक्रिया मुख्यतः त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे, हे बाहेरच्या विद्यार्थ्याने आरंभीच ध्यानात घ्यावे. चेन्नईत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलाला ही दारे खुली असतात. पुणे-नागपूरहून येणाऱ्याला ती सहसा नसतात.

तिसरा वर्ग खासगी महाविद्यालये आणि अभिमत विद्यापीठे यांचा. बाहेरच्या राज्यांतील बहुसंख्य विद्यार्थी याच वर्गात दाखल होतात. यांतील काहींच्या प्रयोगशाळा उत्तम आहेत, तर काहींच्या केवळ माहितीपुस्तिका. शुल्कही सर्वांत अधिक येथेच. प्रवेशासाठी पावतीविना देणगी मागितली गेली, तर ती देण्यास नकार द्यावा. अशा कॅपिटेशन फीला महाराष्ट्राने १९८७ च्या आणि तामिळनाडूने १९९२ च्या कायद्याने बंदी केली आहे. शिवाय पावती नसलेल्या रकमेसाठी कोणतीही बँक कर्ज देत नाही.

महाविद्यालय पारखावे कसे

राष्ट्रीय क्रमवारी पाहणे हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. मद्रासची तंत्रज्ञान संस्था २०१६ पासून २०२५ पर्यंत अभियांत्रिकीच्या यादीत सलग पहिली आली. परंतु ही क्रमवारी संपूर्ण संस्थेची असते. तिच्यावरून एखाद्या शाखेविषयी काही कळत नाही. मान्यतेच्या बाबतीतही हाच भेद लक्षात ठेवावा. नॅक ही यंत्रणा संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते, तर राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ प्रत्येक अभ्यासक्रम स्वतंत्रपणे तपासते. महाविद्यालयाच्या यंत्र शाखेला या मंडळाची मान्यता असेल आणि विमानविद्येला नसेल, असे सहज घडू शकते. म्हणून मान्यता कोणत्या शाखेला आहे आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे मंडळाच्या यादीत स्वतः पाहावे.

कागदपत्रांनंतर प्रत्यक्ष भेट आवश्यक आहे. विमानविद्येच्या विभागात वाऱ्याचा बोगदा, म्हणजे विंड टनेल, असतोच. यंत्राने निर्माण केलेल्या वाऱ्याच्या झोतात विमानाची लहान प्रतिकृती ठेवून तिच्यावर पडणारे दाब त्यात मोजतात. बोगदा आहे की नाही, एवढेच विचारून भागत नाही. तो चालू आहे का, गेल्या सत्रात विद्यार्थ्यांनी त्यावर कोणते प्रयोग केले आणि नोंदवह्या कोठे आहेत, हे विचारावे. इंजिनांची प्रयोगशाळा आणि रचनेच्या मजबुतीची चाचणी घेणारी यंत्रे यांचीही अशीच चौकशी करावी. विभागात कायम अध्यापक किती आणि त्यांपैकी कितीजण याच विषयातील आहेत, हा पुढचा प्रश्न. नोकऱ्यांच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा ठळक छापलेला असतो. परंतु विचारायचे ते असे की, या शाखेतील किती विद्यार्थ्यांना काम मिळाले, किती जणांना विमानविद्येतच मिळाले आणि मधल्या विद्यार्थ्याचा पगार किती होता. याची उत्तरे कार्यालयापेक्षा शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून अधिक विश्वासार्ह मिळतात.

खर्चाचा हिशेब

शिकवणीचे शुल्क हा खर्चाचा केवळ एक भाग असतो. वसतिगृह, खाणावळ, परीक्षा, पुस्तके, संगणक, अनामत आणि घरी जाण्या-येण्याचे रेल्वेभाडे हे सर्व त्यात मिळवावे आणि येणाऱ्या बेरजेला चार वर्षांनी गुणावे. दरवर्षी शुल्क वाढते की पहिल्या वर्षाचेच कायम राहते, हे लेखी घ्यावे.

कर्ज काढायचे झाल्यास हिशेब आणखी पुढे न्यावा लागतो. उदाहरणादाखल असे समजू की, दरवर्षी २ लाख रुपये याप्रमाणे चार वर्षांत ८ लाख रुपये कर्ज घेतले, व्याजाचा दर शेकडा १० आहे आणि फेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. पहिल्या वर्षीच्या २ लाखांवर पाच वर्षांचे सरळ व्याज १ लाख होते. पुढील तीन हप्त्यांवर अनुक्रमे ८०, ६० आणि ४० हजार. म्हणजे परतफेडीच्या पहिल्या दिवशी देणे ८ लाख नसून १० लाख ८० हजार असते. ते दहा वर्षांत फेडायचे म्हटल्यास दरमहा सुमारे १४,२७० रुपये भरावे लागतात, आणि एकूण भरणा १७ लाखांच्या वर जातो. याउलट कुटुंबाने शिक्षणाच्या काळातच व्याज भरत राहिले, तर मासिक हप्ता सुमारे १०,५७० रुपयांवर येतो आणि एकंदरीत दीड लाखाहून अधिक बचत होते. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला सतराशे रुपयांच्या आत असते. एकदम मोठी रक्कम उभी करू न शकणाऱ्या कुटुंबालाही एवढी रक्कम बहुधा बाजूला काढता येते.

भार कोण उचलतो

गुणवत्तेवर सरकारी संस्थेत प्रवेश मिळाला, तर खर्चाचा मोठा भाग शासन उचलते. भारतीय तंत्रज्ञान संस्थांचे शिकवणीचे शुल्क २०१६ मध्ये वर्षाला २ लाख रुपये करण्यात आले. तथापि अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसेच ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न वर्षाला १ लाखाहून कमी आहे अशा विद्यार्थ्यांना ते संपूर्ण माफ असते. १ ते ५ लाख उत्पन्नाच्या कुटुंबांना दोनतृतीयांश सूट मिळते. शुल्काचा मोठा आकडा पाहूनच जे पालक या संस्थांचा विचार सोडून देतात, त्यांना या सवलतींची बहुधा माहिती नसते.

तामिळनाडूत कुटुंबातील पहिल्या पदवीधराला २०१० पासून शिकवणीच्या शुल्कात सवलत आहे. सरकारी शाळांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी २०२१ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत साडेसात टक्के जागा राखीव असून त्यांचे शुल्कही राज्य भरते. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि २०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण माफ आहे. या दोन्ही सवलती महाराष्ट्रातील संस्थांपुरत्या आहेत. महाराष्ट्रातील मुलगी चेन्नईच्या खासगी महाविद्यालयात गेली की ही माफी तिच्या हातून जाते. चेन्नईचे शुल्क घरच्या शुल्काशी ताडून पाहताना हा फरक हिशेबात धरलाच पाहिजे.

राज्याच्या सीमेपलीकडेही उपयोगी पडणाऱ्या काही योजना आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अन्य राज्यात शिकतानाही मूळ राज्याकडून मिळते. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त महाविद्यालयांतील मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यानुसार निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळवणाऱ्यांना तारण वा जामीन न घेता कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याज-सवलत मिळते. आपली संस्था या यादीत आहे किंवा नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वी पाहावे.

उशिरा उघडणारी दारे

चांगल्या संस्थेत जागा मिळाली नाही आणि जी मिळते ती परवडत नाही, अशी स्थिती अनेकांची होते. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, विमानविद्येत शिरण्याचे दार बारावीनंतर एकदाच उघडते असे नाही. कलाम पदार्थविज्ञानाचे पदवीधर होते, सिवन गणिताचे. त्यांच्याही आधी कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये सुरू झालेल्या विमानविद्या विभागाचे ते पहिले प्रमुख होते, आणि १९५१ मध्ये उडालेल्या एचटी-२ या भारतीय प्रशिक्षण विमानाची रचनाही त्यांच्याच नेतृत्वाखाली झाली.

आजही हा मार्ग खुला आहे. आपल्या जिल्ह्यातील वा जवळच्या शहरातील सरकारी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकावी, राज्याच्या सर्व सवलती घ्याव्यात आणि शेवटच्या वर्षी गेट परीक्षा द्यावी. तिच्या गुणांवर बंगळूरची विज्ञान संस्था किंवा मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूर येथील तंत्रज्ञान संस्था यांत विमानविद्येच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळू शकतो. तेथे पात्र विद्यार्थ्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनही मिळते. इस्रोचे माजी अध्यक्ष एस. सोमनाथ कोल्लमच्या महाविद्यालयातून यंत्र अभियंता झाले व नंतर बंगळूरला एरोस्पेस शिकले. इस्रोच्या अभियंता-भरतीतही यंत्र, इलेक्ट्रॉनिकी आणि संगणक या शाखांनाच मुख्य स्थान असते. महागड्या खासगी महाविद्यालयातील विमानविद्येची पदवी ही अवकाश संशोधनात जाण्याची आवश्यक अट नाही.

निर्णयाचा क्रम

या सर्व विवेचनावरून निवडीचा एक क्रम निश्चित करता येतो. अखिल भारतीय क्रमांकावर केंद्रीय संस्था मिळत असेल, तर तिला प्रथम पसंती द्यावी. सवलती लक्षात घेता तीच पुष्कळदा स्वस्तही पडते. त्यानंतर आपल्या राज्यातील सरकारी संस्था. शाखा नेमकी तीच नसली तरी चालेल, कारण शाखा पुढे बदलता येते. खासगी संस्थेचा विचार तिसऱ्या क्रमांकावर करावा, तोही अभ्यासक्रमाची मान्यता, प्रयोगशाळा आणि अध्यापक प्रत्यक्ष पाहून.

कर्जासाठी एकच मोजमाप पुरेसे आहे. त्या शाखेतून बाहेर पडणाऱ्या सामान्य विद्यार्थ्याचा पहिला पगार किती आहे, हे काढावे आणि राहण्या-जेवण्याचा खर्च वजा करून त्यातून हप्ता भागतो का, ते पाहावे. हे मोजमाप सर्वांत हुशार विद्यार्थ्याच्या पगारावरून करू नये. पहिले वर्ष नोकरीविना गेले, तर हप्ता कोण भरील, हेही कुटुंबाने आधीच ठरवावे. या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर कर्जास भिण्याचे कारण नाही. ती नसतील, तर घरातले सोने किंवा शेत पणाला लावू नये. जवळच्या महाविद्यालयात नाव घालून दोन परीक्षा अधिक द्याव्यात. त्या वाटेने विद्यार्थी विमानविद्येपर्यंत काही वर्षे उशिरा पोहोचेल, परंतु त्याच्या मागे घरावर कर्जाचा बोजा राहणार नाही.